सूर्यावरचा खोटा ठिपका

१२ मार्च

प्रिय आई,

साष्टांग नमस्कार.

पाकिटावरचं अक्षर ओळखून तुम्ही ते आधी टेबलावर ठेवलं असेल, त्यावर चष्म्याचं घर ठेवलं असेल आणि घरातलं सगळं आवरून झाल्यावरच उघडलं असेल. अजून उघडलंच नसेल, तर मी हे स्वतःशीच बोलतेय. तेही चालेल. गेली दोन वर्षं मनातल्या मनात तुमच्याशी बोलायची सवय झालीच आहे, आज फक्त कागद पुढ्यात घेतला.

बातमी अशी की मला नोकरी लागली आणि मी फार लांब आले. पीएचडीनंतरची संशोधनाची जागा आहे, दोन वर्षांची. पहिलं वर्ष संपायच्या आत काम बघतात आणि पटलं तर दुसरं देतात. अशा जागांवर एरवी नुकती मिसरूड फुटलेली मुलं असतात. मी एकोणचाळीसची. पहिल्या दिवशी फाटकावरच्या माणसाने मला कुणाची तरी आई समजून बसायला खुर्ची दिली. मी बसले. पाय दुखतच होते.

काम तेच, सौरज्वालांचं. सूर्यावर अचानक उडणारा तो भडका, ज्याचे कागद मी तुमच्या जेवणाच्या टेबलावर पसरायचे आणि तुम्ही न बोलता ताटं दुसरीकडे मांडायचात. भडका उडाला की सूर्य रेडिओ लहरीही फेकतो. त्या डोळ्यांना दिसत नाहीत आणि ढगांना जुमानत नाहीत. त्या पकडायला गावाबाहेरच्या माळावर तेरा डिश उभ्या केल्यात. तुम्ही पाहिल्या असत्या तर पराती म्हणाला असतात. सकाळी सगळ्या एकदम पूर्वेकडे तोंड करतात आणि दिवसभर सूर्याबरोबर वळत राहतात. तारे बघणाऱ्यांना रात्र रात्र जागावं लागतं. माझं तसं नाही. सूर्य मावळला की मी मोकळी.

काल इथे आल्यापासूनची पहिली मोठी ज्वाला पाहिली. संध्याकाळी खोलीवर आले, चहा केला, आणि लक्षात आलं की ‘शास्त्रीणबाई, आज काय म्हणतोय तुझा सूर्य?’ असं विचारणारं इथे कुणी नाही. म्हणून हे पत्र.

तुमच्या मुलाबद्दल काही लिहिणार नाही. तो वाईट नव्हता, मीही नव्हते. एका घरात राहून आम्ही दोन वेगळ्या गावी नांदत होतो. घटस्फोटाचे कागद झाल्यावर मी तुमचा निरोप घ्यायला आले होते. तुम्ही स्वयंपाकघरातूनच म्हणालात, “गॅस चालू आहे, येता येत नाही.” मी दारात जराशी थांबले आणि निघाले. राग वगैरे काही धरला नाही. ते वाक्य मधूनमधून आठवतं, इतकंच.

उत्तर लिहायलाच पाहिजे असं नाही. तीस वर्षं कोर्टात लघुलेखक म्हणून तुम्ही लोकांचं बोलणं उतरवून घेतलंत. स्वतःचं काही लिहायचा तुम्हाला किती कंटाळा आहे, ते मला माहीत आहे.

तुमची,
शास्त्रीणबाई

२१ एप्रिल

प्रिय आई,

उत्तर नको असं मीच लिहिलं होतं आणि रोज पत्रपेटीत हात घालूनही बघत होते. माणसाचं असंच असतं. असो, माझ्याकडे सांगायला भरपूर आहे.

खोली छान आहे. खालच्या मजल्यावर, एका खिडकीची. वर घरमालकीण राहतात. त्या दातांच्या डॉक्टर होत्या, आता निवृत्त आहेत, पण माणूस भेटलं की आधी त्याच्या तोंडाकडे बघतात. मला खोली दाखवताना भाड्याचं बोलणं बाजूला ठेवून म्हणाल्या, “तुमचा डावा सुळा जपा.” शेजारच्या माणसाबद्दल त्यांचं मत वाईट आहे, कारण तो दात कोरतो. तुमचं त्यांच्याशी जमलं असतं. दोघींनी मिळून अख्खी गल्ली निकालात काढली असती.

कामाच्या खोलीत माझ्याबरोबर एक तरुण बसतो. इतका उंच आहे की सगळे त्याला लांब्या म्हणतात आणि तोही ओ देतो. मी मोजमापं बघते, तो गणितं करतो. त्याच्या खणात कायम बिस्किटं असतात आणि ती संपली की त्याचं गणितही थांबतं. आमच्या गटाच्या प्रमुखांना सगळे नुसतं ‘बाई’ म्हणतात. केस आखूड, आवाज हळू. त्या रागावल्या की आवाज आणखी हळू होतो आणि मग सगळे कान टवकारून ऐकतात.

आता मुख्य गोष्ट. मागच्या आठवड्यात पुन्हा एक ज्वाला झाली. डिशनी पकडलेल्या लहरींवरून संगणक सूर्याचं चित्र तयार करतो. दृष्टीला दिसणारा सूर्य वेगळा, हा वेगळा. यात जिथे इलेक्ट्रॉन वेगाने धावतात ती जागा उजळते. मी ज्वालेच्या आधीची चित्रं एकामागून एक लावून बघत होते. मोठ्या भडक्याच्या थोडं आधी, त्याच्यापासून बरंच दूर, सूर्याच्या कडेशी एक फिकट ठिपका होता. भडका सुरू झाला आणि तो दिसेनासा झाला.

मी बाईंना बोलावलं.

“काय आहे हे?” त्यांनी विचारलं.

“माहीत नाही.”

“छान,” त्या म्हणाल्या. “इतके दिवस तुम्ही मला माहीत असलेल्याच गोष्टी दाखवत होतात.”

लांब्या तर खुर्चीवरून उठलाच. “अहो, हा खरा निघाला तर भडका उडायच्या आधी त्याची चाहूल लागते असं होईल. उपग्रहवाले तुमच्या पाया पडतील. दुसऱ्या वर्षाचं काय घेऊन बसलात, तिसरं-चौथंही पक्कं समजा.”

मी त्याला गप्प बसवलं. पण घरी येताना बसमध्ये खिडकीच्या काचेत माझंच तोंड दिसलं, तर मी हसत होते.

तुमची,
शास्त्रीणबाई

३० मे

प्रिय आई,

तुमचं कार्ड मिळालं. सबंध मजकूर मला पाठ झालाय, कारण तो एवढाच आहे: ‘दोन्ही पत्रं मिळाली. प्रकृती ठीक. ठिपक्याला दुसरा साक्षीदार आहे का?’

मी ते बसस्टॉपवर वाचलं आणि एक बस सोडली.

साक्षीदाराचं बाईंनीही ठिपका दाखवला त्याच दिवशी विचारलं होतं, तेव्हा तुम्ही आणि त्या एका बाजूला आहात. दुसरा साक्षीदार म्हणजे दुसरी वेधशाळा किंवा उपग्रह. दुसऱ्या वेधशाळेत त्या दिवशी दुरुस्ती चालली होती. क्ष-किरण बघणारा उपग्रह नेमका त्या वेळी पृथ्वीच्या आड गेला होता. तुमच्या भाषेत, दोघंही समन्स बजावूनही गैरहजर. राहिली मी आणि माझ्या तेरा पराती, आणि त्या सगळ्या एकाच घरच्या.

तरीही बाईंनी सप्टेंबरच्या परिषदेत माझं भाषण ठेवलंय. म्हणाल्या, “तोवर तपास पुरा करा. जे निघेल ते बोला.” दुसऱ्या वर्षाचा निर्णय परिषदेनंतर घेतात. भाषणाचं नाव छापूनही आलं. लांब्याने ते मोठं करून दारावर चिकटवलंय, येणारा-जाणारा प्रत्येक जण वाचतो. मला कसंसंच होतं, पण मी ते काढलेलं नाही.

आता तुमचं. ‘प्रकृती ठीक’ हे तुम्ही ताप असतानाही म्हणायचात, म्हणून ते मी वाचून सोडून दिलं. पण तुमचं अक्षर कार्डाच्या खाली खाली उतरत गेलंय, आणि ‘साक्षीदार’ मधला ‘दा’ दोनदा काढलाय. तुमची ओळ कधी वाकडी गेलेली मी पाहिली नाही. डोळ्यांचं काय? उजवा की डावा? एवढंच लिहा, एका शब्दात. सल्ला देणार नाही.

इथे दिवस मोठे झालेत. काम संपल्यावर मी माळावरून चालत मोठ्या रस्त्यापर्यंत जाते. डिश माझ्या डोक्यावरून पश्चिमेकडे बघत असतात. त्या कुणाकडे लक्ष देत नाहीत, ते मला फार बरं वाटतं. इथे माझ्याकडे ‘हिचं काय झालं असेल’ म्हणून कुणी बघत नाही. डोकं शांत आहे, आई. मलाच त्याचं नवल वाटतं.

तुमची,
शास्त्रीणबाई

१४ जुलै

प्रिय आई,

ठिपका खोटा निघाला.

सुरुवातीलाच सांगून टाकलं, म्हणजे तुम्ही पत्र वाचताना उगीच ताणात राहणार नाही. झालं असं. ज्वाला नसलेल्या दिवसांची चित्रंही तपासायची, असं मी ठरवलं. खरं तर ते काम कंटाळवाणं म्हणून मी पुढे ढकलत होते. शेवटी एका सोमवारी बसले. आणि एका साध्या, शांत दिवशी, जेव्हा सूर्यावर काहीही चाललेलं नव्हतं, तिथेही तो बसलेला. फिकट, कडेशी, अगदी तसाच.

मग मी त्या दिवसाची सकाळपासूनची चित्रं लावली. सूर्यावरची खरी वस्तू दिवसभर जागच्या जागी राहते. हा सकाळी कडेला होता, दुपारी वर सरकला, संध्याकाळी आणखी पुढे. आमच्या डिश सूर्यामागे वळत होत्या आणि त्यांच्या वळण्याबरोबर तो सूर्याभोवती फिरत होता. म्हणजे तो सूर्याचा नव्हता, आमचा होता. सूर्यावर शांत दिवशीही असतो तशा दुसऱ्या एका तेजस्वी डागाची ती पडछाया होती. भडका उडाला की त्याच्या उजेडात ती बुडून जायची, म्हणून मला ती फक्त ‘आधी’ दिसली.

मी खुर्चीत मागे टेकले. लांब्याने माझं तोंड बघितलं आणि बिस्किटांचा पुडा पुढे केला. मी दोन खाल्ली.

“बाईंना आज सांगू नका,” तो म्हणाला. “परिषद होऊ द्या. नंतर हळूच दुरुस्तीचा लेख काढता येतो. असं पुष्कळ जण करतात.”

“आणि भाषणात काय सांगू?”

“ठिपका दिसला, असं सांगा. दिसला तर होताच.”

तो माझ्या भल्यासाठीच बोलत होता. मी हात धुतले आणि बाईंच्या खोलीत गेले. त्यांनी चित्रं पाहिली, एकदा पुढून, एकदा मागून. मग इतक्या हळू बोलल्या की मला पुढे वाकावं लागलं.

“मी हे तीन जणांना सांगून बसले आहे. नवं काहीतरी सापडलंय म्हणून.”

“हो. मलाही वाईट वाटतंय.”

“मला स्वतःची लाज वाटतेय. तुमच्यावर चिडलेले नाही.” त्यांनी खिडकीबाहेर बघितलं. “कुठून येतं हे, ते शोधा. भाषणाचं नंतर बघू.”

शोधायला दोन आठवडे गेले. मागच्या हिवाळ्यात एक डिश दुरुस्तीला काढून पुन्हा बसवली होती. तिची नवी जागा संगणकात बोटभर चुकीची भरली गेली. रेडिओ लहरींना बोटभर म्हणजे फार झालं. डिशची देखभाल करणारा गडी आहे, त्याला आम्ही पाना म्हणतो, कारण त्याच्या खिशात कायम पाना असतो. हे ऐकून तो फुगून बसला. “म्हणजे मी ती चुकीच्या जागी उभी केली?” मी म्हटलं, “तुम्ही बरोबर उभी केलीत, आम्ही कागदावर चुकीच्या जागी उभी केली.” तेव्हा कुठे चहाला आला.

आता गेल्या कित्येक महिन्यांची सगळी चित्रं नव्याने करावी लागणार. दुसऱ्या वर्षाचं काय होईल, माहीत नाही. माझ्याकडे दाखवायला होता तो एकच ठिपका, तोही मीच पुसला. घरी आल्यावर वाटलं होतं रडू येईल. आलं नाही. चादरी धुतल्या, खिडकीच्या काचा पुसल्या, आणि रविवारी उशिरापर्यंत झोपले.

डोळ्याबद्दल तुम्ही काहीच कळवलं नाहीत. मी पुन्हा विचारतेय.

तुमची,
शास्त्रीणबाई

५ ऑगस्ट

प्रिय आई,

हे पत्र छोटं आहे आणि जरा अवघड आहे.

काल तुमच्या मुलाचा निरोप आला. दोन वर्षांत पहिलाच. सभ्य होता, तो नेहमीच सभ्य असतो. त्याचं पुन्हा लग्न ठरलंय, असं त्याने कळवलं. त्याची होणारी बायको तुमच्याकडे आली होती, तेव्हा माझी पत्रं तिने टेबलावर पाहिली आणि तिला ते चमत्कारिक वाटलं. त्याने लिहिलंय: ‘आईला तू पत्रं लिहिणं बंद केलंस तर बरं. तिलाही त्याचा त्रास होतो, ती बोलत नाही एवढंच.’ शेवटच्या वाक्यातली ‘ती’ म्हणजे तुम्ही.

लग्नाची बातमी वाचून मला काय वाटतंय ते मी तपासून पाहिलं. थोडं टोचलं. मग मी सूप गरम करून प्यायले आणि त्याला मनापासून शुभेच्छा कळवल्या. पत्रांबद्दल लिहिलं की ज्यांना ती येतात त्यांना विचारून कळवते.

म्हणून विचारते. तुम्हाला खरंच त्रास होत असेल तर हे शेवटचं पत्र समजा. मी वाईट वाटून घेणार नाही, म्हणजे घेईन, पण ते माझं मी बघेन. मात्र ते तुमच्याकडून कळायला हवं. तुमच्या वतीने दुसऱ्या कुणी सांगितलेलं मी धरणार नाही. ऐकीव साक्ष कोर्टात चालत नाही, हे तुम्हीच मला शिकवलंत.

तुमची,
शास्त्रीणबाई

१८ सप्टेंबर

प्रिय आई,

तुमचं पत्र येऊन आठवडा झाला. पाकिटातून चार पानं निघाली तेव्हा मला वाटलं चुकून दुसऱ्या कुणाचं आलंय. लगेच उत्तर लिहिलं नाही, कारण मी परिषदेला गेले होते. पत्र बरोबर नेलं. तिथल्या खोलीत रोज सकाळी वाचलं.

ओळी सरळ आहेत. ते पहिल्यांदा पाहिलं, मग मजकूर वाचला. ऑपरेशन झालं आणि तुम्ही एकट्या रिक्षाने जाऊन एकट्या परत आलात, हे तुम्ही एका वाक्यात उरकलंत. मी एका वाक्यात रागावते: असं पुन्हा करू नका.

‘मला कुणाला पत्र लिहायचं आणि कुणाचं वाचायचं हे मला कुणी सांगितलेलं चालणार नाही, हे मी त्याला समोर बसवून सांगितलं आहे. तुझ्या पत्रांचा त्रास होत नाही. ती आली नाहीत तर होतो.’ हे शेवटचं वाक्य तुमच्या तोंडून कसं निघालं असतं याचा मी खूप विचार केला. तोंडून निघालंच नसतं. कागदावर निघालं, ते बरं झालं.

आणि तिसऱ्या पानावर, शेजारणीच्या नळाची तक्रार आणि औषधांच्या मधे, तुम्ही लिहिलंय: ‘त्या दिवशी गॅस बंद होता. बाहेर आले असते तर तुला जाऊ दिलं नसतं. आणि तू जायला हवं होतंस.’

मी ते वाचलं, एवढंच कळवते.

परिषदेचं सांगते. मी भाषण दिलं. बाईंनी नाव बदलायला लावलं: ‘नसलेल्या ठिपक्याबद्दल’. ठिपका कसा सापडला, मी त्याच्यावर कशी भाळले, आणि तो कसा खोटा ठरला, ते सगळं क्रमाने सांगितलं. लोक हसले, पण माझ्याबरोबर हसले. नंतर दोन वेगळ्या वेधशाळांची माणसं येऊन म्हणाली की त्यांच्याही चित्रांत असंच काहीतरी फिरतं आणि ते त्याला सूर्य समजत होते. एकाने तर वहीच काढली आणि मला तिथेच चित्र काढायला लावलं.

परतल्यावर बाईंनी बोलावलं. दुसरं वर्ष मिळालं. मी कारण विचारलं, तर म्हणाल्या, “तुम्ही पुढच्या वेळी काही दिसलं म्हणालात, तर मला ते खरं मानावंसं वाटेल. असं वाटायला लावणारी माणसं माझ्याकडे फार नाहीत.” हे त्या नेहमीच्या आवाजात बोलल्या, हळू आवाजात नाही. लांब्याने दारावरचा कागद उतरवून त्यावर नवं नाव लिहिलं आणि पुन्हा तिथेच चिकटवला.

आता एक विचारते. डोळा बरा झाला आहे. गुडघे तुमचे माझ्यापेक्षा चांगले आहेत. खोलीत दुसरा पलंग मावतो, मी टेप लावून बघितलंय. घरमालकीणबाईंना विचारलं, तर त्यांनी उलट विचारलं की तुमचे दात स्वतःचे आहेत का. मी हो म्हटलं. त्या म्हणाल्या, “मग हवे तितके दिवस राहू देत.”

याल का?

तुमची,
शास्त्रीणबाई

२ नोव्हेंबर

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

हे पत्र कुठून आलं ते पाकिटावर दिसेल. मी सुखरूप आहे. किल्ली शेजारणीकडे आहे. कुंड्यांना पाणी ती घालते, तू धावपळ करू नकोस. फोनवर तू म्हणालास, “आई, या वयात हे काय नवीन काढलंस, आणि तेही तिच्याकडे.” फोनवर मला पटकन सुचत नाही, म्हणून लिहिते आहे.

आधी ती कशी आहे ते सांगते, कारण तू विचारलं नाहीस तरी तुला जाणून घ्यायचं असेल. बरी आहे. वजन वाढलंय, ते तिला शोभतं. सकाळी कामावर जाताना घाईघाईत टोस्ट खाते आणि दाराशी उभी राहून शेवटचा घास गिळते. आपल्याकडे असतानाही तेच करायची. तुझ्याबद्दल वाईट बोलत नाही. मीही तिच्यापाशी तुझ्याबद्दल तक्रार करत नाही, तेव्हा तू निर्धास्त राहा.

माझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं ते मी तुला नंतर सांगितलं, याचा तुला राग आला. डोळ्याचं काहीतरी बिनसलंय हे तिला माझ्या वाकड्या अक्षरावरून कळलं. तुला कळायला हवं होतं असं मी म्हणत नाही. तुला मी पत्र लिहीत नव्हते. यापुढे लिहीन.

काल तिने मला तिच्या कामाच्या जागी नेलं. माळावर त्या पराती आहेत. जवळून पाहिल्यावर फार मोठ्या वाटतात आणि वळताना कुरकुरतात. पाना नावाचा एक माणूस एकीला तेल घालत होता. त्याने मला सावलीत उभं केलं आणि स्वतः उन्हात राहिला. आत एक फार उंच मुलगा आहे, त्याने मला बिस्किटं दिली. मी त्याला म्हटलं, पाठीत बाक काढून बसू नकोस. तो लगेच सरळ झाला, पण थोड्याच वेळाने पुन्हा वाकला.

जेवणाच्या जरा आधी पडद्यावर काहीतरी सुरू झालं. वरून खाली रंगीत पट्टे सरकत होते, त्यात एक तिरपा उजळ पट्टा उतरला, मग आणखी एक. सगळे पडद्याभोवती जमले. मला कुणी काही समजावलं नाही आणि मीही विचारलं नाही. ती पुढे सरकून बसली होती. तिचं असं तोंड मी आपल्या जेवणाच्या टेबलावर पुष्कळदा पाहिलं आहे. ती कागदांवर वाकलेली असायची आणि तू आतल्या खोलीत टीव्ही लावून बसलेला असायचास. दोघांचंही चुकत नव्हतं. मी ताटं घेऊन मधे उभी असायचे आणि मला वाटायचं, या दोघांपैकी एकाला लवकरच घर अपुरं पडणार. ते मी वेळेवर बोलले नाही. बोलून काही झालं असतं, असंही वाटत नाही.

भडका ओसरल्यावर तिने त्याच्या आधीची चित्रं काढली. तिच्या प्रमुखबाई मागे येऊन उभ्या राहिल्या. भडक्याच्या पायथ्याशी, अगदी लागून, एक बारीक ठिपका होता. उंच मुलगा काही बोलणार होता, तिने हात वर करून त्याला थांबवलं. म्हणाली, “दुसऱ्या वेधशाळेचं येऊ दे.”

ते येईपर्यंत आम्ही जेवलो. ती फार जेवली नाही, पण चांगल्या गप्पा मारल्या. दुपारी दुसरीकडची चित्रं आली. त्यांच्यातही तो होता, त्याच जागी, आणि दिवस कलेपर्यंत जागचा हलला नाही. ती म्हणाली, अजून महिनोन्महिने तपासायचं आहे, एवढ्यात काही खरं धरायचं नाही. पण हे सांगताना तिने माझा हात धरला होता आणि तो सोडायचं तिच्या लक्षात राहिलं नव्हतं.

निघताना प्रमुखबाईंनी माझ्याकडे बघून तिला विचारलं, “या तुमच्या कोण?”

ती म्हणाली, “माझ्या सासूबाई.”

मागेपुढे काही जोडलं नाही. तुला माहीत आहे, माझ्यासमोर कुणी चुकीचं बोललं तर मला गप्प राहवत नाही. भर कोर्टात वकिलांची तारीख दुरुस्त केल्याबद्दल मी बोलणी खाल्ली आहेत. काल मी ते वाक्य नीट ऐकलं आणि त्यात दुरुस्त करण्यासारखं मला काही आढळलं नाही.

मी महिनाभर आणखी राहते आहे. तिकीट बदलून झालं. घरमालकीणबाई रोज दुपारी वर चहाला बोलावतात आणि त्यांचं गल्लीतल्या लोकांबद्दल बरंच सांगायचं राहिलं आहे.

तुझ्या लग्नाला मी वेळेवर पोचेन आणि आनंदाने पोचेन. ती मुलगी मला आवडली आहे. पत्रं पाहिल्यावर तिला अवघडल्यासारखं झालं, ते मला समजतं. तिला माझा निरोप सांग, की माझ्याकडे एकाच सुनेपुरती जागा आहे असं तिने समजू नये.

तुझी,
आई